चाहतेपणाच्या खुळावर विनोदी किशोर कादंबरी लिहिताना

फ्रान्झ लिस्ट हा पियानोवादक १८४०च्या दशकात युरोपभर मैफली करत हिंडत होता, तेव्हा त्याचे रुमाल आणि हातमोजे मिळवण्यासाठी श्रोत्यांमध्ये झोंबाझोंबी होत असे आणि त्याच्या पियानोच्या तुटलेल्या तारांची कांकणे करून मिरवली जात, असे सांगतात. कवी हाइनरिश हायने याने १८४४मध्ये या प्रकाराला ‘लिस्टोमेनिया’ असे नाव दिले. स्त्रियांच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका वैद्याला त्याने यामागचे कारण विचारले, तेव्हा तो वैद्य गूढ हसला आणि चुंबकत्व, वीज, असंख्य मेणबत्त्यांनी कोंदलेले सभागृह, अत्तर लावलेली घामाघूम गर्दी असे बरेच काही सांगत बसला. तारेचे कांकण घातलेली मुलगी याच प्रश्नाला काय उत्तर देईल, हे शोधून काढणे हे कादंबरीकाराचे काम आहे.

कुमारवयातल्या चाहतेपणावर विनोदी कादंबरी लिहायला बसलेले बहुतेक लेखक पहिल्या खर्ड्यात त्या वैद्याच्याच जागी उभे असतात, आणि मीही होतो. माझी नायिका एका गायकाच्या मागे वेडी होती, दर पानावर घसरून पडत होती, भिंतींवर आदळत होती आणि मला ते फार गमतीचे वाटत होते. चौदा वर्षांच्या भाचीला मी ते हस्तलिखित वाचायला दिले. दहा पाने झाल्यावर तिने शांतपणे विचारले, “मामा, ही इतकी बावळट आहे, तर हिला मैत्रीण कशी मिळाली?” त्या प्रश्नाने दोनशे पाने रद्दीत गेली. पुढे जे लिहिले आहे ते त्या रद्दीतून शिकलेले आहे, आणि त्याचे मूळ एवढेच की वेडाला तर्क असतो. त्या तर्काची प्रत्येक पायरी वाचकाला पटली पाहिजे आणि सगळ्या पायऱ्यांची बेरीज मात्र हास्यास्पद निघाली पाहिजे.

खुळाचा तर्क कागदावर मांडणे

कथानकाला हात घालण्याआधी एका वहीत दोन रकाने आखावेत. डावीकडे ताऱ्याने जाहीरपणे केलेली किंवा म्हटलेली साधी गोष्ट लिहावी आणि उजवीकडे त्यावरून नायिकेने काढलेला निष्कर्ष लिहावा. अशा किमान वीस ओळी होईपर्यंत थांबू नये, कारण पहिल्या सात-आठ ओळी कोणालाही सुचणाऱ्या असतात आणि खरी गंमत बारावी-तेरावीच्या पुढे सुरू होते.

उदाहरणासाठी आपण पंधरा वर्षांची रेवा घेऊ आणि तिच्या आवडत्या गायकाला विहान म्हणू. विहान एका मुलाखतीत म्हणतो, “मला गोंगाट आवडत नाही.” रेवाचा निष्कर्ष असा, की आजवर ज्या मुली त्याच्यासमोर किंचाळल्या त्यांनी स्वतःच्या हाताने आपले नाव कापून घेतले आहे. मग जी मुलगी शांत राहील ती त्याच्या नजरेत भरेल. आणि शांत राहणे ऐनवेळी जमत नसते, त्याला सराव लागतो. म्हणून रेवा तीन आठवडे मौन धरते. घरचे तिला डॉक्टरांकडे नेतात. शाळेत मात्र तिचे वर्तन एकदम सुधारल्याचे सर्वांच्या ध्यानात येते, तिला शिस्तीचे पारितोषिक जाहीर होते आणि पारितोषिक स्वीकारताना चार शब्द बोलण्याची विनंती केली जाते. यातली एकही पायरी सुटी घेतली तर वेडेपणाची वाटत नाही. पंधरा वर्षांची हुशार, चिकाटीची मुलगी एका चुकीच्या गृहीतकापासून सुरुवात करून शेवटपर्यंत प्रामाणिकपणे चालत राहिली, एवढेच इथे घडले आहे.

हे गृहीतक कुठून येते, याचे उत्तम स्पष्टीकरण डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६मध्ये दिले. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरचे सूत्रसंचालक थेट प्रेक्षकाकडे पाहून, गप्पा मारल्यासारखे बोलतात. त्यामुळे हा माणूस आपल्या ओळखीचा आहे, आपल्याशीच बोलतो आहे, असे प्रेक्षकाला वाटू लागते. या नात्याला त्यांनी दुरून अनुभवलेली जवळीक म्हटले. नाते एकतर्फी असते, त्यातली भावना मात्र खोटी नसते. विनोदी कादंबरीचा पाया याच फटीत घालायचा आहे, कारण रेवाला विहानच्या सवयी, त्याच्या कुत्र्याचे नाव, त्याच्या डाव्या भुवईवरच्या खुणेचा इतिहास हे सगळे माहीत आहे आणि विहानला जगात रेवा नावाची कोणी आहे, हेसुद्धा माहीत नाही.

तारा घडवणे आणि त्याला दूर ठेवणे

तारा काल्पनिक असावा. खऱ्या व्यक्तीला कथेत ओढले की बदनामीच्या कायद्याची भीती असतेच, पण लेखनाच्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण ही, की वाचक त्या व्यक्तीविषयीचे स्वतःचे मत घेऊन पुस्तकात शिरतो आणि रेवाच्या नजरेने पाहायला तयार होत नाही. शिवाय खरे तारे पुस्तक छापून होईपर्यंत जुने होतात. गाण्यांच्या बाबतीतही हेच करावे. प्रसिद्ध गाण्याच्या ओळी उद्धृत करायच्या तर हक्कधारकाची परवानगी लागते, म्हणून विहानची गाणी आपणच रचावीत. ती वाईट असली तरी चालतील. किंबहुना थोडी वाईट असणेच सोयीचे, फक्त रेवाने त्यांचा अर्थ गंभीरपणे लावला पाहिजे.

ताऱ्यासाठी एक टिपण तयार करावे. त्यात त्याची तीन-चार मुलाखतवजा विधाने, एक ठरलेली लकब, एक जाहीर चूक आणि त्याच्यामागे काम करणाऱ्या प्रसिद्धी यंत्रणेची थोडी माहिती असावी. ही यंत्रणा जुनी आहे. १९१० साली अमेरिकेत फ्लॉरेन्स लॉरेन्स या अभिनेत्रीच्या अपघाती मृत्यूची बातमी पसरली. तिचा निर्माता कार्ल लेम्ली याने ती बातमी खोटी असल्याची जाहिरात मोठ्या आवेशाने छापली आणि नंतर ती सेंट लुईस शहरात लोकांसमोर आली तेव्हा तिला पाहायला मोठी गर्दी लोटली. मृत्यूची ती अफवा लेम्लीच्याच गोटातून सुटली होती, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते. आपल्या कादंबरीत इतके नाट्य नको, पण विहानच्या खात्यावरचा ‘तुम्हा सर्वांवर माझे प्रेम आहे’ हा मजकूर पगारावर काम करणारा एखादा कर्मचारी दुपारच्या सुट्टीआधी घाईघाईने लिहितो, एवढे लेखकाला ठाऊक असावे. रेवाने मात्र त्यातल्या ‘सर्वांवर’ या शब्दावर एक अख्खी रात्र घालवावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तारा प्रत्यक्ष फार दिसू नये. माझ्या रद्दीत गेलेल्या खर्ड्यात तो तिसऱ्याच प्रकरणात नायिकेला भेटला होता, आणि तिथेच कादंबरी संपली होती. उरलेली पाने मी उगाच लिहीत होतो. विनोद ताऱ्यात नसतो. तो तारा आणि त्याची मनातली प्रतिमा यांच्यातल्या अंतरात असतो, आणि तारा समोर येऊन बसला की ते अंतर आटते. संपूर्ण कादंबरीत प्रत्यक्ष भेट एकदा, फार तर दोनदा.

प्रेमाने आपल्याच माणसाला दुखवावे, ही गोष्टही या अंतरातूनच येते. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनला जेली बेबीज ही मऊ गोळी आवडते, असे छापून आल्यावर चाहत्यांनी रंगमंचावर गोळ्यांचा वर्षाव सुरू केला. फेब्रुवारी १९६४मध्ये हा संच अमेरिकेत गेला, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी तीच प्रथा पाळली. पण तिथे मिळणाऱ्या जेली बीन्सचे कवच टणक असते, आणि वॉशिंग्टनच्या कार्यक्रमात चौघांना वाजवता वाजवता त्या गोळ्यांचा मारा खावा लागला. या प्रसंगात कोणीही मूर्ख नाही आणि कोणीही दुष्ट नाही. आवड कळली, आवडीची वस्तू दिली, फक्त फेकून दिली. आपल्या कथानकातला प्रत्येक मोठा प्रसंग या मापाने तपासून पाहावा.

निवेदन कोणाच्या तोंडी असावे

या प्रकारच्या कादंबरीला प्रथमपुरुषी निवेदन जवळजवळ सक्तीचे आहे, असे माझे मत आहे. तृतीयपुरुषी निवेदक कितीही प्रेमळ असला तरी तो वयाने मोठा असतो, त्याला शेवट माहीत असतो आणि त्याच्या आवाजात नकळत ‘बघा ही काय करते आहे’ असा सूर येतो. किशोरवयीन वाचकाला तो सूर पहिल्या परिच्छेदात ओळखू येतो.

डेव्हिड एल्किंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७मध्ये कुमारवयाच्या दोन खुणा सांगितल्या. पहिली म्हणजे काल्पनिक प्रेक्षक: आपल्याकडे सतत कोणीतरी पाहते आहे, आपला प्रत्येक फोड आणि प्रत्येक चुकलेला शब्द सगळ्यांच्या लक्षात येतो आहे, असे वाटणे. दुसरी म्हणजे स्वतःची दंतकथा: आपल्या भावना जगात याआधी कोणाच्याही वाट्याला आलेल्या नाहीत, ही खात्री. चाहतेपणाच्या कादंबरीसाठी या दोन गोष्टींचे मिश्रण फार कामाचे आहे, कारण इथे काल्पनिक प्रेक्षकाला चेहरा मिळतो. रेवा गणिताच्या तासाला वहीत रेघ मारते तेव्हासुद्धा ती विहानला दिसावी अशी सरळ मारते. ती दात घासताना आरशात प्रोफाइल बदलते. निवेदन लिहिताना दर प्रसंगात एकदा तरी स्वतःला विचारावे की रेवाच्या मनातला विहान या क्षणी कुठे उभा आहे आणि त्याला काय दिसते आहे. उत्तर मिळाले नाही, तर तो प्रसंग बहुधा खुळाचा राहिलेला नसतो, नुसत्या शाळेचा झालेला असतो.

निवेदिकेला विनोद सांगता येऊ नये, ही अट पाळणे जड जाते पण पाळावी. रेवा स्वतः हजरजबाबी असली तरी ज्या ठिकाणी ती खुळात आहे तिथे तिने पूर्ण गंभीर राहावे. तिला हसू आले की वाचकाचे हसू संपते.

शिडी रचणे

कथानक म्हणजे वाढत जाणाऱ्या कृतींची शिडी. लिन मकक्युचेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये चाहतेपण मोजण्याची एक प्रश्नावली मांडली, आणि तिच्यातून चाहतेपणाच्या तीन पातळ्या समोर आल्या. खालच्या पातळीवर तारा हा करमणुकीचा आणि मित्रमंडळींत गप्पा मारण्याचा विषय असतो. मधल्या पातळीवर तो खासगी होतो. त्याचे यशापयश स्वतःचे वाटू लागते, त्याचा विचार नको असतानाही मनात येतो. वरच्या पातळीवर माणूस धोक्याच्या सीमेवर असतो: आवडत्या ताऱ्याने मदत म्हणून काही बेकायदेशीर करायला सांगितले, तर आपण बहुधा ते करू, या आशयाचे एक विधानच त्या प्रश्नावलीत आहे.

विनोदी कादंबरीने पहिल्या पातळीवर सुरुवात करावी, बहुतेक मुक्काम दुसरीवर ठोकावा आणि तिसरीचा उंबरठा फक्त एकदा, थरथरत ओलांडू पाहावा. रेवाच्या बाबतीत शिडी साधारण अशी होईल. ती चाहत्यांच्या गटात सामील होते. या गटातल्या मुली स्वतःला ‘विहंग’ म्हणवतात आणि विहानची गाणी न ऐकणाऱ्या उर्वरित मानवजातीला ‘पायदळ’. मग ती मौनाचा प्रयोग करते. त्यानंतर विहान ज्या इमारतीत ध्वनिमुद्रणासाठी येणार आहे तिथे जाण्यासाठी ती घरी एक खोटे बोलते, ते खोटे टिकवायला दुसरे बोलते, आणि तिसऱ्या खोट्यापर्यंत धाकट्या भावाला भागीदार करून घ्यावे लागते. भाऊ प्रत्येक खोट्याची वेगळी फी आकारतो आणि हिशेब लिहून ठेवतो.

प्रत्येक पायरीवर रेवाने काहीतरी गमावले पाहिजे, आणि ते खरे असले पाहिजे. मौनाच्या तीन आठवड्यांत तिच्या मैत्रिणीला तिच्याशी एक महत्त्वाची गोष्ट बोलायची होती. रेवा बोलली नाही. हा धागा वाचकाला हसू येत असतानाच, एका ओळीत, जाता जाता पेरावा. किंमत नसलेला विनोद शंभर पानांच्या पुढे जात नाही.

पाठलागाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ताऱ्याच्या घरात शिरणे, त्याच्या नातेवाइकांना सतावणे, चोरून छायाचित्रे काढणे या गोष्टी प्रत्यक्षात माणसांना भयभीत करतात, आणि त्यांवरचा विनोद वाचताना वाचक रेवाच्या बाजूने राहत नाही. तिने उंबरठ्यावर पोहोचावे आणि काहीतरी क्षुद्र कारणाने परत फिरावे. नैतिक जाणिवेपेक्षा बुटाची लेस दारात अडकणे विनोदी कादंबरीला जास्त मानवते. मागे वळल्यावर आपण काय करणार होतो हे तिला उमगले, तर ते एकाच वाक्यात उमगावे.

भोवतालची माणसे

इथे फार थांबण्याची गरज नाही. पायदळातली एक समंजस मैत्रीण, विहंगांमधली एक प्रतिस्पर्धी आणि घरातले एक मोठे माणूस एवढे पुरते. प्रतिस्पर्धी मुलगी रेवापेक्षा जास्त जाणकार असावी, म्हणजे दोघींचे भांडण विद्वानांच्या वादासारखे चालेल: विहानने अमुक कार्यक्रमात घातलेला सदरा निळा होता की जांभळा, आणि पुरावा कोणता ग्राह्य धरायचा. घरातल्या मोठ्या माणसाचेही तरुणपणी असेच एखादे खूळ असावे, पण ते उपदेशासाठी वापरू नये. जुन्या ट्रंकेत सापडलेले एक न धाडलेले पाकीट पुरेसे होते.

वाक्य कुठे संपते

विनोद प्रसंगात असतो हे खरे, पण तो लागतो वाक्यात, आणि मराठी वाक्याची एक अडचण लेखकाने ओळखून असावी. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे ज्या शब्दावर हसू फुटायला हवे तो शब्द क्रियापदाच्या आधी येऊन जातो आणि मागून ‘निघाले’, ‘होते’, ‘आले’ असे थंड पाणी पडते. पुढचे वाक्य पाहा:

‘विहानचा मेसेज आला असे वाटून मी धावत जाऊन फोन उचलला, पण तो कुठल्यातरी कंपनीने ग्राहकांना पाठवलेला मेसेज निघाला.’

यात माहिती सगळी आहे, हसू नाही. आता तेच तोडून:

‘फोन वाजला. मी तोंडाला साबण असतानाच धावले. मेसेजची सुरुवात ‘प्रिय’ या शब्दाने झाली होती. पुढचा शब्द ‘ग्राहक’.’

क्रियापद गाळले, वाक्य तोडले आणि शेवटचा शब्द मोकळा सोडला. मधल्या साबणाचेही काम आहे. वाचकाला थोडा वेळ डोळे चोळत थांबवल्यामुळे ‘प्रिय’पर्यंत पोहोचताना त्याच्याही मनात आशा निर्माण होते.

उलट बाजूने, क्रियापद शेवटी येण्याचा फायदाही घेता येतो, कारण मराठीतला नकार अगदी अखेरीस येऊन सगळे वाक्य उलटवू शकतो. ‘त्याच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेले नाही, कारण ते अजून आलेले नाही.’ यातला पहिला ‘नाही’ रेवाला मानी ठरवतो आणि दुसरा तिला उघडी पाडतो. अशी वाक्ये पानाला एकाहून जास्त नसावीत, नाहीतर निवेदिका बुद्धिबळ खेळते आहे असे वाटू लागते.

मराठीची दुसरी देणगी म्हणजे सर्वनामे. चाहते आपल्या ताऱ्याला एकेरीत संबोधतात. शाळेच्या शिक्षकांना ‘सर’ आणि शेजाऱ्यांना ‘काका’ म्हणणारी मुलगी वयाने दहा वर्षांनी मोठ्या, कधीही न भेटलेल्या माणसाला सहज ‘तो’ म्हणते. पण पत्र लिहायला बसली की तिचा धीर सुटतो. रेवाच्या पहिल्या पत्रात ‘तू’ असेल, दुसऱ्या मसुद्यात ‘तुम्ही’, तिसऱ्यात ‘आपण’, आणि शेवटी पाकिटात जाणाऱ्या प्रतीत ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ असा सरकारी थाट येईल. दूरचा माणूस मनात एकेरी आणि कागदावर आदरार्थी, ही उलटापालट कुठलेही स्पष्टीकरण न देता तिच्या नात्याचे खरे अंतर दाखवते. प्रत्यक्ष भेटीत तिच्या तोंडून ‘अहो’ निघून जावे, आणि त्यानंतर आठवडाभर तिला त्या ‘अहो’मुळे झोप येऊ नये.

बोलीभाषेबाबत एक सूचना. आज मुले वापरतात ते शब्द पुस्तक हातात येईपर्यंत शिळे झालेले असतात आणि मोठ्या माणसाने वापरले की आणखीच शिळे वाटतात. त्यापेक्षा ‘विहंग’ आणि ‘पायदळ’सारखी त्या गटाची स्वतःची भाषा तयार करावी. ती शिळी होत नाही, कारण ती या पुस्तकाबाहेर कधी नव्हतीच.

भेटीचा प्रसंग

सगळी कादंबरी ज्या भेटीकडे चालली आहे ती लहान असावी. मी सहा पानांची लिहिली होती. आता ती पाऊण पानाची आहे. रेवा ध्वनिमुद्रणाच्या इमारतीत कशीबशी शिरते. तिने भाषण पाठ केले आहे, मौनाचा सराव केला आहे, दोन्हींपैकी काय वापरायचे हे ठरलेले नाही. जिन्याच्या कोपऱ्यावर विहान समोर येतो. तो दिसतो त्यापेक्षा बुटका आहे आणि घाईत आहे. तो विचारतो, “टॉयलेट कुठे आहे, सांगशील का?” ज्या मुलीला त्याच्याविषयी सगळे माहीत आहे, तिला नेमके हेच माहीत नसते. ती म्हणते, “अहो, उजवीकडे.” उजवीकडे झाडू ठेवण्याची खोली असते.

या प्रसंगात तारा वाईट माणूस निघाला असे करू नये. तो उर्मट, ढोंगी किंवा व्यसनी ठरवला की रेवाची सुटका फार स्वस्तात होते. चूक त्याची ठरते आणि तिला काही समजून घ्यावे लागत नाही. तो एक साधा, थकलेला, बरा माणूस निघावा. मग मुलाखतीतल्या त्या विधानाचाही उलगडा करता येतो. विहान गोंगाटाबद्दल बोलला तेव्हा तो चाहत्यांविषयी बोलतच नव्हता. स्टुडिओतल्या पंख्याच्या खडखडाटाची तक्रार करत होता आणि मुलाखत छापताना अर्धे वाक्य गळाले. तीन आठवड्यांचे मौन एका पंख्यापायी झाले, हे कळल्यावर रेवाने काय करावे हे लेखकाने ठरवू नये, तिला विचारावे. माझ्या रेवाने घरी जाऊन स्वतःच्या खोलीतला पंखा बंद केला आणि बराच वेळ उकाड्यात बसून राहिली.

फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ याने १९०० साली हास्यावर लिहिताना म्हटले होते, की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिरता यावी लागते. चाहतेपणाच्या कादंबरीत ही बधिरता एका ठिकाणी मुद्दाम उतरवावी लागते, आणि माझ्या मते ती जागा भेटीनंतरची, पंख्याजवळची आहे. तिथे एकही विनोद नको. दोन पाने पुरे. त्यानंतर मैत्रिणीचा राहिलेला धागा हाती घ्यावा, आणि भावाने हिशेबाची वही घेऊन दारात यावे.

पुनर्लेखन

इंग्रजीत या वयोगटातल्या समकालीन कादंबऱ्या साधारणपणे ५० ते ८० हजार शब्दांच्या असतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्याने तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. विनोदी कादंबरीला ४० ते ५० हजार शब्द पुष्कळ होतात. पहिला खर्डा लांबला तर घाबरू नये, पण कापताना आधी लेखकाला सर्वांत आवडलेले विनोद तपासावेत. रेवाने ते केले नसते, मी केले आहेत, असे ज्यांच्याविषयी वाटेल ते काढावेत. माझ्या वहीत असे एकेचाळीस निघाले आणि त्यांतले काही खरोखर चांगले होते.

त्यानंतर मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडखळते तिथे क्रियापद बहुधा चुकीच्या जागी आहे. मग हस्तलिखित दोन-तीन कुमारवयीन वाचकांना द्यावे, त्यांना मत विचारू नये; मत ते शिष्टाचार म्हणून चांगलेच देतात. जिथे हसू आले तिथे समासात टिंब आणि जिथे वाचणे थांबवून फोन हातात घेतला तिथे फुली, एवढेच करायला सांगावे. फुल्यांची पाने आधी दुरुस्त करावीत.

भाचीने दुसरा खर्डा परत दिला तेव्हा त्यात टिंबे बरीच होती आणि फुल्या नऊ. पंख्याच्या पानावर मात्र तिने दोन्हींपैकी काहीच केले नव्हते. समासात पेन्सिलीने एका अभिनेत्याचे नाव लिहून, ते रबराने जवळजवळ पूर्ण खोडले होते.